सुपडूची खोली

चैत्र संपत आला होता. सोमवारी दुपारी धुळ्यातल्या एका हॉस्पिटलच्या खिडकीवर मी स्पेशल रूमची अनामत म्हणून दहा हजार रुपये भरले. हजर होतो आम्ही चौघं: मी, माझी पत्नी मंगल, तिची थोरली बहीण सुमनअक्का आणि अक्कांचा मुलगा सतीश. तो पुण्याहून रात्रभर गाडी चालवत आला होता. पाचवे नाना, म्हणजे अक्कांचे यजमान, ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं. ते चाकाच्या खुर्चीत बसले होते, पाय सुजलेले, श्वास लागलेला, आणि खिडकीतल्या बाईंना विचारत होते, "ताई, खोलीला आतून कडी आहे ना?"

"पेशंटच्या खोलीला आतून कडी नसते, काका."

"बरं. खाट?"

"एक."

"खुर्ची आणि खिडकी?"

"एक खुर्ची, एक खिडकी. खिडकीतून कडुलिंब दिसतो."

नानांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "कडीचं सोडलं तर सगळं बरोबर आहे. साडूभाऊ, भरा पैसे."

मागे रांगेत उभ्या असलेल्या माणसाला वाटलं असेल, म्हातारा तापात बडबडतोय. आम्हा चौघांना तसं वाटलं नाही. नाना लहानपणापासून एका खोलीची वाट पाहत होते. एकट्यासाठीची, दार लावून घेता येईल अशी खोली. ती त्यांना चौऱ्याहत्तराव्या वर्षी, हृदय थकून अंगात पाणी साठल्यावर मिळत होती. सतीशने मुद्दाम सगळ्यात महागाची निवडली होती. "आयुष्यभर माणसांच्या गराड्यात राहिले," तो मला जिन्यात म्हणाला, "निदान आता तरी त्यांना हवी तशी खोली मिळू दे, मावसा." तो रडवेला झाला होता.

नाना जाऊन आता सहा आठवडे झाले. त्यांच्याविषयी लिहायचं तर या खोलीपासूनच लिहावं लागतं.

मी जळगावला एका डाळमिलचा हिशेब लिहितो. नाना धुळ्याला सरकारी नोकरीत होते. आमचं नातं साडूचं, आणि साडू म्हणजे काय हे त्यांनी माझ्या लग्नातच मांडवात सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं: "एकाच दुकानात फसलेली दोन गिऱ्हाइकं." अक्का पंगतीत वाढत होत्या. हातातली पळी न थांबवता म्हणाल्या, "माल परत घेत नाहीत म्हणावं. पावती हरवली." तेव्हापासून नानांनी मला नावाने कधी हाक मारली नाही, साडूभाऊच म्हणत राहिले. मी त्यांना नाना म्हणायचो. जळगाव-धुळे अंतर फार नाही, त्यामुळे दर महिन्या-दोन महिन्यांनी एकमेकांकडे जाणं व्हायचं. आमच्याकडे ते आले की जेवण झाल्यावर विचारायचे, "या घरात डोकी किती, चौरस फूट किती?" मी सांगितलं की मनातल्या मनात भागाकार करून म्हणायचे, "श्रीमंत आहात."

त्यांचा स्वतःचा भागाकार नशिराबादचा होता. दोन खोल्यांचं घर. आई, वडील, आजी, एक विधवा आत्या आणि सात भावंडं, म्हणजे अकरा माणसं. नाना सगळ्यांत थोरले. त्यांच्या आधीची दोन लेकरं जगली नाहीत. ज्या घरात लेकरं राहत नाहीत तिथं नवं बाळ जन्मलं की त्याला आधी सुपात ठेवायचं आणि नाव ठेवायचं सुपडू, म्हणजे ते टिकतं, अशी आमच्या खान्देशात रीत आहे. शाळेत नाना रघुनाथ झाले, घरात आणि गल्लीत सुपडूच राहिले. सुपडू टिकला आणि त्याच्या पाठीवर सहा जणं धडधाकट टिकली. मग थोरल्या सुपडूला झोपायला आत जागाच उरली नाही. तो दोन खोल्यांच्या मधल्या उंबऱ्याशी आडवा झोपायचा. आजी उठली की त्याला ओलांडून जायची, वडील विडी ओढायला उठले की ओलांडून जायचे, धाकट्यांना तर रात्रभर उठायचंच असे. झोपलेल्याला ओलांडलं की त्याची वाढ खुंटते म्हणतात, आणि ओलांडलंच तर परत उलटं ओलांडून दोष काढायचा असतो. नाना म्हणायचे, "जाताना सगळ्यांनी ओलांडलं. उलटं ओलांडायला झोपेत कोणाच्या लक्षात राहतं?" त्यांची उंची पाच फूट दोन इंच होती, आणि ती तशी का राहिली याचा खुलासा ते नव्या माणसाला हमखास करायचे. तिथंच, त्या उंबऱ्याशी, त्यांनी ठरवलं होतं की मोठं झाल्यावर आपली एक खोली असेल आणि तिला आतून कडी असेल.

नोकरी लागली ती एका खात्याच्या प्रचारगाडीवर. गाडीत जनरेटर, पडदा, सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर आणि एक लाउडस्पीकर. साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ गावांत जायचं, शाळेच्या भिंतीवर नाहीतर दोन बांबूंमध्ये पडदा बांधायचा आणि लहान कुटुंबाचे माहितीपट दाखवायचे. ते माहितीपट पाहायला लोक येत नसत. आले तरी दुसऱ्या रिळाला उठून जात. अशात कुठल्याशा परदेशी मदतीतून खात्याकडे एका जुन्या इंग्रजी सिनेमाची रिळं आली. सिनेमा भविष्यकाळाचा होता. पृथ्वीवर माणसं इतकी वाढली आहेत की उभं राहायला जागा नाही. लोक जिन्याच्या पायऱ्यांवर पाळीपाळीने झोपतात, पाण्यासाठी शहराला वेढा पडेल एवढी रांग लागते, आणि खिडकीतून बाहेर बघायचं तर तिकीट काढावं लागतं. या सगळ्यात एक कारकून एकट्याची खोली मिळवण्यासाठी दोन तास धडपडतो. हे पाहून लोक घाबरतील आणि शहाणे होतील, असा वरचा हिशेब.

इंग्रजी ना गावकऱ्यांना कळत होतं, ना फारसं नानांना. म्हणून नाना माइक घेऊन पडद्याशेजारी उभे राहायचे आणि अहिराणीत गोष्ट सांगायचे. त्या गोऱ्या कारकुनाचं इंग्रजी नाव त्यांच्या जिभेवर बसेना. पहिल्याच गावात त्यांनी बोट दाखवून सांगून टाकलं, "हाऊ शे आपला सुपडू." पुढे बदलायचं म्हटलं तरी बदलता आलं नाही, कारण ते नाव गाडीच्या आधीच पुढच्या गावात पोचायचं.

भविष्यातली ती भयंकर गर्दी पडद्यावर आली की लोक घाबरत नसत. ते खूश होत. गाडीचा ड्रायव्हर हे मला नक्कल करून दाखवायचा. हजारो माणसं एकमेकांना खेटून चालताहेत, दिग्दर्शकाने मागे काळीज हलवणारं संगीत लावलंय, आणि पहिल्या रांगेतला म्हातारा विचारतोय, "हाई कोठली यात्रा शे, भाऊ?" त्याच्या शेजारचा सांगतोय, "मोठी दिखस. पाळना कोठे शे?" नाना माइकवरून समजावायचे की ही यात्रा नाही, ही माणसांची अडचण आहे, खायला नाही, राहायला नाही. तेवढ्यात पडद्यावर सुपडू जिन्यात झोपलेल्या माणसांवरून पाय टाकत वर जायचा आणि अख्खा गाव एका आवाजात त्याला बजावायचा, "उलटा ओलांड रे, उलटा!"

खरी पंचाईत शेवटाची होती. शेवटी सुपडूला खोली मिळते. पांढऱ्या भिंती, एक खाट, एक खुर्ची, एक खिडकी. तो आत जातो, दार लावतो, आतून कडी घालतो, बाहेरचा सगळा गलका एकदम बंद होतो. तो खुर्चीवर बसतो आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येतं. सिनेमा संपला. नाना मला म्हणाले होते, पहिल्यांदा ऑफिसात रीळ तपासताना हा शेवट पाहिला तेव्हा त्यांनाही रडू आलं. ती त्यांचीच खोली होती, कडीसकट. माइकवर ते मोठ्या हौसेने सांगायचे, "आते सुपडू खूश शे."

पिंपळनेरच्या पुढच्या एका गावात एक बाई उठून उभी राहिली. "खोटं काब्र सांगस, भाऊ? तो रडी राह्यना." नाना म्हणाले, आनंदाने रडतोय. बाई म्हणाली, "एकलाच ऱ्हाई तठे? मंग आजारी पडना तं त्याले पानी कोन दी?" आणि मग बायकांच्या बाजूने कुजबूज सुरू झाली. सुपडू नावाचं पोर म्हणजे आईने सुपात घालून, नवस बोलून टिकवलेलं पोर. ते असं एकटं कोंडून घेऊन बसलंय आणि गोष्ट संपली म्हणतात. कोणी उठेना. नानांना गाडी आवरायची होती, पुढचा मुक्काम गाठायचा होता, आणि दीडशे माणसं पडद्याकडे बघत तशीच बसलेली. "सुपडूले भाईर काढ," ती बाई म्हणाली, जणू नाना मनात आणतील तर काढतील.

नानांनी काढलं. प्रोजेक्टरला रीळ उलटं फिरवायची सोय असते. त्यांनी दिवा चालू ठेवून शेवटचा प्रसंग उलटा फिरवला. सुपडूच्या गालावरचं पाणी डोळ्यांत परत गेलं. तो खुर्चीवरून उठला, पाठमोरा चालत दाराशी गेला, कडी निघाली, दार उघडलं आणि सुपडू उलट्या पावलांनी गर्दीत शिरला. जिन्यात झोपलेल्या माणसांना तो उलटा ओलांडत गेला. ड्रायव्हर सांगतो, इतक्या टाळ्या त्याने नोकरीत कधी ऐकल्या नाहीत. लोक समाधानाने घरी गेले. त्या दिवसापासून साक्री तालुक्यात तो सिनेमा असाच संपायचा.

हे मी स्वतः पाहिलंय. लग्नाच्या पहिल्या वर्षी नाना मला "जावईबापूंना फिरवून आणतो" म्हणून गाडीत घेऊन गेले आणि नेमके त्याच दिवशी त्यांचे साहेब तपासणीला आले. साहेबांसाठी पाटलांकडून खुर्ची आली होती. नानांनी ठरवलं होतं, आज सरळ दाखवायचं. सुपडू खोलीत गेला, कडी घातली, नानांनी दिवा बंद केला. अंधारातून आवाज सुरू झाले: "मांगे फिराव!" "सुपडूले घर आन!" साहेब नाशिककडचे, त्यांनी विचारलं, "काय म्हणताहेत हे?"

"वन्समोअर म्हणताहेत, साहेब."

"शेवटाला?"

"शेवटच आवडतो त्यांना."

आणि नानांनी रीळ उलटं सोडलं. मी साहेबांच्या मागे बसलो होतो. मला फक्त त्यांचे खांदे दिसत होते. ते आधी ताठ झाले आणि मग हलायला लागले. दिवा लागल्यावर त्यांनी चेहरा नीट केला आणि समोरच्या एका म्हाताऱ्याला विचारलं, "काय आबा, काय शिकलात यातून?"

"सुपडू घर ऊना," आबा म्हणाले, म्हणजे सुपडू घरी आला.

"आणि कुटुंब लहान ठेवायचं?"

"ते तं आम्ही कव्हयनंच करी टाकं, साहेब. माले दोनच शेतस. त्यानासाठे पिक्चर कसाले पाहिजे?"

साहेब उठले. जाताना नानांना एवढंच म्हणाले, "अहवालात सरळ शेवट लिहा." नानांनी तसंच लिहिलं असणार. पुढे गाव तिथं टीव्ही आला, गाडी भंगारात गेली, रिळं वर परत गेली आणि नाना टेबलावर बसले. सिनेमात जे साल दाखवलं होतं तेही यथावकाश आलं. त्या वर्षाच्या पहिल्या तारखेला नाना मला घेऊन धुळ्याच्या एसटी स्टँडवर गेले, एका बाकावर बसले, दोन्ही बाजूंना हात पसरले आणि म्हणाले, "बघा, अजून जागा आहे." मग त्या जागेवर एक बाई गाठोडं घेऊन बसली आणि नानांना सरकावं लागलं.

खोलीचं मात्र राहूनच जात होतं. धुळ्याला बदली झाल्यावर भाड्याच्या दोन खोल्यांत एकेक करून त्यांचे भाऊ शिकायला आले, मग बहिणींची मुलं आली. स्वतःचं घर बांधलं तेव्हा पुतणे आले. निवृत्तीला जे मिळालं त्यातून नानांनी गच्चीवर ती खोली बांधली. नकाशा त्यांच्या डोक्यात पक्का होता. गवंडी म्हणाला, दोन खिडक्या ठेवू, हवा खेळेल. नाना म्हणाले, एकच. भिंती पांढऱ्या. सुताराकडून आतली कडी तीनदा बदलून घेतली, कारण त्यांना हवा तसा आवाज येत नव्हता. वास्तूच्या दिवशी आम्ही सगळे गच्चीवर उभे, भटजी पूजा आटोपून गेलेले, आणि नाना आम्हा सगळ्यांचा निरोप घेतल्यासारखे आत गेले. कडीचा आवाज आला. आम्ही बाहेर वाट बघत राहिलो. अक्का म्हणाल्या, "चला खाली, पानं वाढायचीत. हा काही आता लवकर येत नाही." आम्ही जिना उतरून पंगतीला बसतो न बसतो तोच नाना ताटावर हजर.

"काय हो, एवढ्यात?" मी विचारलं.

"आतून बघितली. छान आहे."

त्या दिवशी ते वर झोपायला गेले. सकाळी अक्का दूध घ्यायला उठल्या तर नाना खालच्या खोलीच्या उंबऱ्याशी आडवे, गाढ झोपेत. अक्का त्यांना ओलांडून गेल्या, दूध घेऊन उलट्या ओलांडून आल्या आणि मग त्यांना उठवून विचारलं की एवढी हौसेची खोली बांधली तिचं काय झालं. नाना म्हणाले, "वर झोप येईना. कोणी ओलांडतच नाही." अक्कांनी हे मंगलला फोन करून सांगितलं तेव्हा हसता हसता त्यांना बोलता येत नव्हतं. तरी नाना हार मानणारे नव्हते. महिनाभर ते वर झोपायला जात आणि सकाळी खाली सापडत. कोणी विचारलं तर म्हणत, "सवय व्हायला वेळ लागतो. खोली आपली आहे, पळून जात नाही."

खोली पळून गेली नाही, पण एकट्याची राहिली नाही. साक्रीकडच्या गावांतून धुळ्याला येणारी माणसं, कोणाचा पेशंट सिव्हिलमध्ये, कोणाची कोर्टाची तारीख, कोणाच्या मुलाची परीक्षा, विचारत विचारत घरी यायची. "पिक्चरवाला भाऊ आठेच ऱ्हास ना?" मग त्यांची सोय वर. आधी एक गादी टाकली. मग दुसरी. खाट अडचण करते म्हणून खाट गच्चीवर गेली. खुर्चीवर पिशव्या. एकदा मी गेलो तेव्हा त्या खोलीत अकरा माणसं होती. मी मुद्दाम मोजली. नाना त्यांच्या मध्ये बसून सुपडूची गोष्ट सांगत होते, शेवट अर्थातच उलटा. मला पाहून म्हणाले, "या साडूभाऊ, बारावे. सरका रे, जळगावच्या पाव्हण्याले जागा द्या." आणि आश्चर्य म्हणजे जागा झाली. दर वेळी होते. मी हिशेबाचा माणूस, क्षेत्रफळ मला कळतं. ती जागा कुठून येते ते मला अजून कळलेलं नाही.

तरीही, मनात ती दुसरी खोली होतीच. आजारी पडल्यावर त्यांनी सतीशला म्हणून दाखवलं होतं की एकदा तरी शांत, दार लावून पडायला मिळालं पाहिजे. म्हणून तर सोमवारी ते दहा हजार भरले गेले.

बुधवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. स्पेशल रूममध्ये एका वेळी एकाच माणसाला सोडत होते, तोही ठरावीक वेळी. भिंती पांढऱ्या होत्या. खिडकीतून खरोखरच कडुलिंब दिसत होता, चैत्राची कोवळी लाल पानं आलेला. नाना खाटेवर टेकून बसले होते. मी खुर्चीवर बसलो.

"झोप झाली का?"

"डोळे मिटले होते."

"काही दुखतंय?"

"नाही. साडूभाऊ, एक सांगा. सुपडू शेवटी का रडतो?"

"आनंदाने. तुम्हीच सांगायचात आधी."

नाना कडुलिंबाकडे वळले. मग म्हणाले, "मी तेव्हा पंचविशीचा होतो. त्या बाईला जास्त कळलं होतं." ते माझ्याशी नेहमी पुस्तकी मराठीत बोलायचे, जळगावचा जावई म्हणून. त्या दिवशी मात्र त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "माले लोकेसमा लई चला." मला माणसांत घेऊन चला.

सतीश ऐकेना. जनरल वॉर्डात संसर्ग होईल, गोंगाट असतो, झोप मिळणार नाही... त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण खरं दुखणं वेगळं होतं, आणि ते त्याच्या तोंडून निघालंच. "बाबा, आयुष्यभर तुम्ही हीच खोली मागत होतात. मी एक गोष्ट तुमच्यासाठी करतोय, तीही तुम्हाला नको?"

"कोण म्हणतं नको? मिळाली, बघितली, दोन दिवस राहिलो. तुझ्यामुळे मिळाली. नाहीतर तशीच राहून गेली असती, आणि मला कळलंच नसतं."

"काय कळलं नसतं?"

"की मला ती नको होती."

सतीशला हसावं की रागवावं कळेना. अक्का दाराबाहेरून ऐकत होत्या, कारण आतला माणसांचा कोटा मी आणि सतीशने आधीच ओलांडला होता. त्या तिथूनच म्हणाल्या, "सतीश, तुझ्या बापाला मी ओळखते. त्याला खोली हवी असते, राहायला नको असते. डॉक्टरांना विचार."

डॉक्टरांनी होकार दिला. दुपारी दोन वॉर्डबॉय आले. दार अरुंद होतं, खाट आत वळेना, म्हणून त्यांनी ती आली तशीच मागे ओढत बाहेर काढली. नाना आमच्याकडे तोंड करून पाठीमागे सरकत चालले होते. खुर्ची लांब गेली, खिडकी लांब गेली, दाराची चौकट त्यांच्या डोक्यावरून पायांकडे सरकली, आणि कॉरिडॉरमधल्या माणसांत त्यांची खाट शिरली. त्यांचं त्या वेळचं तोंड मी जन्मात विसरणार नाही. श्वास लागलेला असतानाही ते इतके हसत होते की सिस्टरने ऑक्सिजनची नळी नाकावर धरून ठेवली. "साडूभाऊ," ते म्हणाले, "रीळ उलटं सोडलं त्यांनी."

वॉर्डात चोवीस खाटा होत्या आणि माणसं त्याच्या चौपट. शेजारच्या खाटेवर साक्रीकडचे एक आबा, त्यांच्याभोवती मुलगा, सून, नातू. आबांनी पहिल्या दिवशी नानांकडे नुसतं टक लावून पाहिलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "तू पिक्चरवाला भाऊ ना?" नाना म्हणाले, हो. आबांनी लगेच विचारलं, "मंग सुपडूनं पुढे काय व्हयनं?"

"त्याले आठे जागा भेटनी," नाना आपल्या खाटेवर थोपटत म्हणाले.

पुढचे सहा दिवस त्या वॉर्डाने काय ऐकलं असेल ते मी सांगत बसत नाही. शनिवारी मी गेलो तेव्हा आबांची सून घरून वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी घेऊन आली होती. नानांना मीठ बंद होतं. त्यांनी डबा नाकाशी धरला आणि डॉक्टर येताना दिसल्यावरही खाली ठेवला नाही. "वासाला बंदी लिहिलेली नाही," ते डॉक्टरांना म्हणाले. डॉक्टरही खान्देशातलेच. त्यांनी डब्यातला एक घास उचलून खाल्ला आणि म्हणाले, "पेशंटला देऊ नका. चांगलं झालंय." रात्रपाळीच्या सिस्टरने अक्कांकडे तक्रार केली होती की वॉर्डात या काकांमुळे कोणी वेळेवर झोपत नाही. पण ती स्वतः गोष्ट पूर्ण झाल्याशिवाय दिवे बंद करत नाही, हे नानांनी मला डोळा मिचकावून सांगितलं. सतीश खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर चटई टाकून झोपायचा. येणारे-जाणारे त्याला ओलांडून जायचे. "सांभाळ," नाना त्याला म्हणायचे, "उंची जाईल." तो सहा फूट आहे.

मंगळवारी सकाळी मिलमध्ये तुरीचा ट्रक उतरत होता तेव्हा अक्कांचा फोन आला. सतीश चहा आणायला खाली गेला होता, अक्का औषधाच्या खिडकीवर. नानांनी पाणी मागितलं, आबांच्या सुनेने त्यांना उठवून पाणी पाजलं. ते तिला काहीतरी म्हणाले, ती हसली, आणि मग... तिने सतीशला सांगितलं की ते सरकून जागा करत "बस, बाई" म्हणाले. अक्कांनी मला हे सगळं एका दमात सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "एकटा नव्हता हो." मी ट्रक तसाच सोडून धुळ्याला गेलो.

तेराव्याला साक्रीकडून तीन जीपगाड्या भरून माणसं आली. कोणाला बोलावणं गेलं नव्हतं. ज्या गावांतून ती आली त्यांतली अर्धी घरं आता कुलूप लावून सुरतेला कामाला गेलेली असतात, तरी आली. जेवणं झाल्यावर उशीर झाला म्हणून बरीच मुक्कामाला राहिली. वरची खोली भरली, गच्ची भरली, जिन्याच्या पायऱ्यांवर माणसं बसली. नशिराबादहून आलेल्या नानांच्या बहिणी खाली उंबऱ्यापर्यंत झोपल्या. सकाळी मी वर गेलो तेव्हा पाच गाद्यांवर चौदा माणसं होती आणि एक जण भिंतीला टेकून बसल्या बसल्या घोरत होता.

अक्कांनी ते पाहिलं. गर्दी पांगल्यावर त्यांनी गादीवाल्या सलीमभाईंना निरोप धाडला. ते कापूस घेऊन आले, गच्चीवर बसले आणि माप घेण्यासाठी खोलीत डोकावले. सतीश तिथंच गाद्या उन्हात टाकत होता. मी त्याला उद्या पुण्याला निघायचंय म्हणून किती वाजता निघणार ते विचारत होतो. तो म्हणाला, आणखी दोन दिवस राहतो.

सलीमभाईंनी विचारलं, "अक्का, ही खोली किती माणसांची?"

"एकाची," अक्का म्हणाल्या.

सलीमभाईंनी रांगेने पसरलेल्या पाच गाद्यांकडे पाहिलं, अक्कांकडे पाहिलं आणि सुई ओवली. संध्याकाळपर्यंत गादी तयार झाली. कापूस आणि शिलाई धरून सहाव्या गादीचे एकोणीसशे रुपये झाले. मी खिशात हात घातला होता, पण सतीश पुढे झाला. त्याने दोन हजार काढून सलीमभाईंच्या हातात ठेवले, आणि शंभर परत घेतले नाहीत.